पहिले प्रोफाइल कोणते लावावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छायाचित्रणावर आपल्या पुरवणीत जे छापून येते त्यात कॅमेरा कोणता घ्यावा आणि लेन्स कोणती घ्यावी याची चर्चा भरपूर असते. मात्र काढलेल्या रॉ फाइलचे, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता ठेवलेल्या मूळ नोंदीचे, पुढे काय करायचे, आणि तेही पदरचे पैसे न घालता, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. रॉ फाइलींवर काम करणारी रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. पहिल्याचा सोर्स कोड जानेवारी २०१० मध्ये खुला झाला, दुसरे २००९ पासून उपलब्ध आहे. म्हणजे दोन्ही चांगली मुरलेली आहेत. तरीही माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ती पहिल्याच संध्याकाळी कायमची बंद केली. विचारले तर उत्तर एकच येते : फोटो उघडला आणि तो फिका, मळकट दिसला. रॉथेरपीत उजव्या बाजूला सर्वांत वर प्रोफाइलांची, म्हणजे फोटोवर करायच्या संस्कारांच्या तयार संचांची, एक यादी होती, पण तिचे काय करायचे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. हे पत्र त्या यादीपुरतेच आहे.

फोटो फिका का दिसतो, हे आधी कळायला हवे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण पाहतो ती रॉ फाइल नसतेच. कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीनुसार कॉन्ट्रास्ट वाढवून, रंग गडद करून, कडा धारदार करून रॉच्या पोटात ठेवलेली ती एक लहानशी जेपेग प्रत असते. रॉथेरपीत 'न्यूट्रल' हे प्रोफाइल निवडले की या संस्कारांपैकी जवळजवळ काहीच होत नाही, आणि समोर येते ते बऱ्याच अंशी सेन्सरने टिपलेले कच्चे चित्र. ते वाईट नसते, फक्त अर्धवट असते. अनुभवी माणसाला तिथून सुरुवात करणे सोयीचे वाटते, कारण नंतरचा प्रत्येक बदल त्याच्या हातचा असतो. नवख्याने मात्र 'ऑटो-मॅच्ड कर्व्ह' या नावाने सुरू होणाऱ्या प्रोफाइलांपैकी एक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे प्रोफाइल पोटातली जेपेग प्रत वाचते आणि तिच्याशी जुळेल असा टोन कर्व्ह (फोटोतला कोणता भाग किती उजळ दिसावा हे ठरवणारी वक्ररेषा) आपणहून तयार करते, त्यामुळे उजेड-सावलीचा तोल कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता त्याच्या बराच जवळ येतो. त्याच नावापुढे कमी, मध्यम आणि जास्त आयएसओ (प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादाची कॅमेऱ्यातली पातळी) असे प्रकार दिलेले असतात. त्यांतला मुख्य फरक धार किती द्यायची आणि नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, किती दाबायचा याचा आहे. भर उन्हातल्या फोटोला जास्त आयएसओचे प्रोफाइल लावून बारीक पोत घालवण्यात अर्थ नाही.

यादीतल्या नावांवर माउस नेऊन एकेक पाहत बसण्यापेक्षा प्रोफाइल म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. रॉथेरपी मूळ फाइलला हात लावत नाही. तिच्या शेजारी त्याच नावाची, 'पीपी३' असे शेपूट असलेली एक छोटी फाइल ठेवते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. चौकटी कंसात 'एक्स्पोजर' असे शीर्षक, त्याखाली 'कॉम्पेन्सेशन' आणि बरोबरच्या चिन्हापुढे एक आकडा, अशा ओळींमागून ओळी त्यात दिसतात. तयार प्रोफाइलही अशाच ओळींचे असते. हे पाहिल्यावर माझी तरी भीती गेली, कारण यात जादू काही नाही, कोणीतरी आधी ठरवून ठेवलेल्या आकड्यांची ती यादी आहे आणि त्यातला कोणताही आकडा मी बदलू शकते.

अर्थात भीती गेली की घोटाळाही होतो. घरातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेला एक फोटो मी तासभर बसून नीट केला, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार फोटोचा रंग सावरणारा आकडा) २,९०० केल्व्हिनच्या आसपास आणला, वरचा कोपरा कापला, आणि समाधानाने ते सगळे प्रोफाइल त्याच दिवशीच्या उरलेल्या १४० फोटोंवर पेस्ट केले. अंगणातले, दिवसा काढलेले सगळे फोटो निळेशार झाले. उभ्या फोटोंत तर माणसांची डोकी गेली, कारण क्रॉपही पिक्सेलच्या आकड्यांत त्याच फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि तो आडव्या फोटोसाठी होता. रॉ फाइली सुखरूप होत्या. पण आधीच्या आठवड्यात हाताने केलेल्या तीसेक फोटोंच्या दुरुस्त्या नव्या आकड्यांखाली पुसल्या गेल्या. यावरचा उपाय त्याच बटणात आहे : कंट्रोलची कळ दाबून कॉपी किंवा पेस्टवर क्लिक केले की कोणते भाग घ्यायचे ते विचारणारी खिडकी उघडते. तिथे व्हाइट बॅलन्स आणि क्रॉपवरची खूण काढून टाकायची. प्रोफाइल फाइलमध्ये जतन करतानाही हेच करावे. दोनच गोष्टी सांगणारे तोकडे प्रोफाइल सगळे काही सांगणाऱ्या प्रोफाइलपेक्षा कितीतरी अधिक फोटोंना चालते. मात्र यादीशेजारचे रिकाम्या जागा भरणारे बटण चालू असेल, तर अशा प्रोफाइलात नसलेल्या सगळ्या बाबी मूळ ठरलेल्या किमतींवर परत जातात, एवढे लक्षात ठेवावे.

महिनाभराच्या सरावानंतर प्रेफरन्सेसमधील डायनॅमिक प्रोफाइलचे नियम जरूर पाहावेत. अमुक कॅमेरा, अमुक लेन्स, आयएसओ इतक्यापासून इतक्यापर्यंत असेल तर अमुक प्रोफाइल, असे एकदा लिहून ठेवले आणि रॉ फोटोंसाठीचे मूळ प्रोफाइल म्हणून 'डायनॅमिक' निवडले, की नवा फोटो पहिल्यांदा उघडतानाच योग्य आकडे घेऊन येतो. डार्कटेबलमध्ये हेच काम प्रत्येक मॉड्यूलच्या (एकेका संस्काराच्या साधनाच्या) प्रीसेटने, म्हणजे जतन केलेल्या आकड्यांनी, होते, आपोआप लागू करण्याची सोय तिथेही आहे, आणि अनेक मॉड्यूल एकत्र बांधायची असतील तर त्याला स्टाइल म्हणतात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोफाइलांबद्दल माझा उत्साह आता बेताचाच आहे. जुन्या फिल्मचा रंग देणारी अनेक प्रोफाइले लावूनही काही बदलत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण साधे असते : फिल्मचा रंग त्या प्रोफाइलात नसतो, तो हाल्ड क्लट नावाच्या वेगळ्या चित्रफाइलींत असतो आणि प्रोफाइलात फक्त त्या फाइलीचे नाव लिहिलेले असते. त्या फाइली स्वतंत्रपणे उतरवून त्यांचा फोल्डर प्रेफरन्सेसमध्ये दाखवावा लागतो. शिवाय दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्याच्या उजेडात बसवलेला एक्स्पोजरचा आकडा आपल्या फोटोला बसेलच असे नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. या विषयावर पुढे लेख छापाल तेव्हा 'प्रोफाइल' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे ते लेखकाला स्पष्ट करायला सांगावे. कॅमेऱ्याचे रंग ओळखण्यासाठीचे डीसीपी किंवा आयसीसी प्रोफाइल, मॉनिटरचे प्रोफाइल आणि मी वर सांगितलेले संस्करणाचे, म्हणजे फोटोवर संस्कार करण्याचे, प्रोफाइल या तीन अगदी निराळ्या वस्तू आहेत. मॉनिटरचे प्रोफाइल संस्करणाच्या यादीत शोधत मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

कळावे.

आपली नम्र,
एक हौशी छायाचित्रकार