नर्सने नाडीपलीकडेही पाहावे

महोदय,

परिचारिका दिनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावर लिहून येते, ते योग्यच. पण सिस्टर कॅलिस्टा रॉय हे नाव नर्सिंग कॉलेजबाहेर फारसे कुणी ऐकलेले नसते. १९३९ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या या कॅथलिक धर्मभगिनीने बालरुग्णांची शुश्रूषा करताना मुले आजारपणाशी किती चिवटपणे जुळवून घेतात ते पाहिले. त्यातूनच घडलेला त्यांचा जुळवून घेण्याचा (अडॅप्टेशन) सिद्धांत १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तो सांगतो, ताप, नाडी तर पाहायचीच. पण पाय गमावलेला रिक्षावाला स्वतःकडे कसा पाहतो, घरात त्याची भूमिका काय उरली, आधार कुणाचा, हेही नर्सने जाणून घ्यायचे. आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात. मात्र भरलेल्या वॉर्डात एकट्या नर्सने हे विचारायचे कधी?

– एक वाचक, सांगली