गोदाकाठावरून

पैठण,
आश्विन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, सोबतच्या कविताही वाचल्या. "पुण्यात राहून नदीवर काय लिहिणार? तुझ्यासारखा गोदाकाठ हवा," हे तुझं वाक्य काही केल्या मनातून जाईना. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

इथे सध्या नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, काठोकाठ आहे. धरणाच्या 27 दरवाजांपैकी थोडे जरी उचलले, तरी हॉटेलात, बसस्टँडवर एकच विषय: विसर्ग किती क्युसेकचा? घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि दरवाजे पडले की पात्रातले खडक पुन्हा उघडे. 1976 साली जायकवाडी पूर्ण झालं, तेव्हापासून आमच्या गंगेचा पूर असा आधी सूचना देऊन येतो. (म्हातारी माणसं गोदावरीला अजून गंगाच म्हणतात.) तेव्हा तुझ्या मनातला गोदाकाठ पैठणलाही बारा महिने सापडायचा नाही. तरी या नदीनं कविता लिहायला शिकवली हे खरंच आहे, आणि ती कशी शिकवली ते तुला सांगायचंय.

सातवाहनांची राजधानी ही. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, प्रत्येक गाथा दोनच ओळींची. गोदावरी त्यांत पुन्हा पुन्हा येते. पण नुसतं नदीचं वर्णन शोधायला गेलास तर हाती फार थोडं लागेल. एक गाथा बघ. एक बाई म्हणते, त्याचं भाग्य किती थोर आणि बाईमाणसाला न शोभणारं माझं धाडस केवढं, हे दोघांनाच ठाऊक: गोदावरीच्या पुराला आणि पावसाळ्यातल्या मध्यरात्रीला. संपली गाथा. पाण्याचा रंग नाही, लाटा नाहीत, आवाज नाही. तरी ती रात्री पुरात उतरून पलीकडे गेली असणार हे कळतं आणि अंगावर काटा येतो. पूर तिथे साक्षीदार आहे. इतका भरलेला पूर मी दुसऱ्या कुठल्या कवितेत पाहिलेला नाही.

दुसरी तुला माहीत असेल, अलंकारशास्त्रात ती फार गाजली. काठावर येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला बाई सांगते, बाबा, आता खुशाल हिंड. तुला भिववणारं ते कुत्रं आज मेलं. गोदेकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला! तिच्या भेटीची जागा तीच झाडी, आणि हा बुवा तिथे नको आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. म्हणजे आपल्या नदीकाठची ही झुडपं पार काश्मीरपर्यंत पोचली, तीही एका बाईच्या चतुराईमुळे.

आणि माझी सगळ्यांत आवडती. एक सखी दुसरीला म्हणते, साळीची शेतं पांढुरकी होऊ लागली म्हणून मान खाली घालून का रडतेस? तागाचं वावर बघ, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग माखलेल्या नटीसारखं झालंय. भात कापणीला आलं की चोरून भेटायची जागा गेली. पण ताग आता पिवळ्या फुलांवर आलाय, उंच आणि दाट आहे. कुठलं पीक कधी कापतात आणि कुठलं तेव्हा उभं असतं, हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय या दोन ओळी सुचणारच नाहीत. मला तर वाटतं, निसर्गकवितेला लागणारी पहिली गोष्ट हीच माहिती. धरणाचं पाणी ओसरलं की इथले लोक उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. कुठला तुकडा कधी उघडा पडेल हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याजवळ जाऊन बसलो की माझ्या वहीत चार ओळी तरी उतरतात. नुसत्या पाण्याकडे बघत बसलो की एकही नाही.

म्हणून तुझ्या कवितांबद्दल स्पष्ट लिहितो. त्यांत नदी संथ आहे, निळी आहे, मायाळू आहे आणि काठावर कुणीच नाही. अरे, तुझ्या दारात मुठा आहे! खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो. रोज तिथून जाणारा माणूस त्या दिवशी कुठून वळसा घालतो? कुणाला उशीर होतो? त्या उशिराचं कुणाला मनातून बरंही वाटत असेल का? ती गाथेतली बाई आज पुण्यात असती तर विसर्गाचा आकडा बघूनच तिनं बेत ठरवला असता. ती कविता तुझी आहे, मला लिहिता येणार नाही, कारण मला ते रस्ते माहीत नाहीत. मुठेचं पाणी काळं आहे, वास येतो, म्हणून तू तिला कवितेत घेत नाहीस, हे मला मुळीच पटत नाही. काळी आहे तर काळी लिही.

स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेल्या गाथासप्तशतीची माझी प्रत या पत्रासोबत पाठवतोय. 1956 सालची आहे, बांधणी सुटत आलीय, जपून हाताळ. एका बैठकीत वाचू नकोस. रोज दोन-चार गाथा पुरेत. आणि नाथषष्ठीला ये, पुस्तकही तेव्हाच आण. दिंड्यांनी गाव भरून जातं, एसटीला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दोन दिवस आधीच निघ. राहायचं अर्थातच आपल्याकडे. येताना मुठेवरचं जे झालं असेल ते घेऊन ये, अर्धवट असलं तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच