शूटिंग रेंजची फी एकाच मापात सांगा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
स. न. वि. वि.

मुलीला किंवा मुलाला नेमबाजी शिकवायची म्हटलं की पालक आधी चार रेंजवर फोन फिरवतात. एक रेंज तासाचा दर सांगते, दुसरी महिन्याची फी. तिसरीकडे प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी आणि वर लेनचे (नेमबाजाची उभं राहायची जागा आणि तिच्या समोरचं टार्गेट) वेगळे पैसे असतात, तर चौथीकडे ‘सगळं धरून’ असा आकडा मिळतो आणि त्यात पॅलेट, म्हणजे हवेच्या बंदुकीच्या छोट्या गोळ्या, धरलेले नसतात. एकाने किलोवर, दुसऱ्याने डझनावर आणि तिसऱ्याने टोपलीवर भाव सांगावा, तशातला हा प्रकार. यातून स्वस्त कोण ते भल्याभल्यांना कळत नाही. पालक मग सगळ्यात लहान आकडा निवडतात आणि बहुतेक वेळा तिथेच फसतात.

दर ठरवून द्या, अशी आमची मागणी नाही. ती का नाही, ते पुढे येईलच. सरकारी जागेवर उभ्या असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक रेंजने आपला दर एकाच मापात छापावा, एवढंच आमचं म्हणणं आहे. हे माप म्हणजे ६० शॉट्सचं एक पूर्ण सत्र, सर्व खर्चासह. शेजारी दुसरा आकडा हवा : अशी किती सत्रं सभासदाला आठवड्यात खरोखर मिळतात.

६० शॉट्सच का? १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांचा सामना तेवढ्याच शॉट्सचा असतो. त्याआधी तयारी आणि सायटिंगला (नेम जुळवून घेण्याचे, गुणांत न धरले जाणारे शॉट्स) १५ मिनिटं मिळतात. मग इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटं, कागदी असेल तर ९० मिनिटं. म्हणजे सामन्यासारखा एक सराव करायला दीड ते पावणेदोन तास लागतात. शिवाय रायफलवाल्यांचं जॅकेट, पँट, बूट चढवणं, स्टँड लावणं आणि शेवटी सगळं उतरवून पेटीत भरणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. आता ‘तासाला अमुक’ हा दर पाहा. तासाभराच्या स्लॉटमध्ये पूर्ण सामना बसतच नाही. एकतर दोन स्लॉट घ्यायचे, नाहीतर ३५-४० शॉट्सवर गुंडाळायचं. नेमबाज ढासळतो तो बहुधा शेवटच्या वीस शॉट्समध्ये, आणि तासाच्या बॅचमध्ये नेमका त्याच भागाचा सराव कधी होत नाही. ज्या रेंजचा दोन तासांचा स्लॉट शेजारच्या रेंजच्या एका तासाच्या दीडपट आहे, ती कागदावर महाग दिसते, पण पूर्ण सत्राला स्वस्त पडते.

आता सभासदत्वाचं गणित. रक्कम बाजूला ठेवून ‘सुटी भेट’ हे माप धरू. बाहेरच्या माणसाला एका सत्राला जे पैसे पडतात, ती एक सुटी भेट. समजा, वार्षिक वर्गणी ६० सुट्या भेटींइतकी आहे. काउंटरवर सांगतात, ‘साठ वेळा आलात की पैसे वसूल, पुढचं फुकट.’ हे चूक आहे, कारण सभासदालाही दर वेळी लेनचे पैसे द्यावे लागतात, फक्त कमी. ते पाव भेटीइतके धरले, तर प्रत्येक सत्राला पाऊण भेट वाचते. ६० भागिले पाऊण म्हणजे ८०. वसुली साठाव्या सत्राला होत नाही, ऐंशीव्याला होते.

वर्षात ५२ आठवडे असले तरी परीक्षा, आजारपण, सुट्ट्या आणि रेंजवर भरणाऱ्या स्पर्धा वजा करता ४२ हाती लागतात असं धरू. ८० सत्रांसाठी आठवड्याला जवळपास दोनदा यावंच लागेल. एकदाच येणारा वर्षाला ६० अधिक साडेदहा, म्हणजे साडेसत्तर भेटींचे पैसे मोजतो. सुट्या दराने त्याचं काम ४२ मध्ये झालं असतं. तीनदा येणाऱ्याची १२६ सत्रं साडेएक्क्याण्णवमध्ये होतात आणि त्याला सभासदत्व निश्चित परवडतं. थोडक्यात, सभासदत्व महाग की स्वस्त हे वर्गणीवरून कळत नाही, लेन किती वेळा मिळते त्यावर ठरतं.

आणि लेन मिळण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. दहा लेनची रेंज घ्या. सकाळी आठ ते रात्री आठ, दोन तासांच्या सहा बॅच, आठवड्याचे सहा दिवस. एकूण ३६० जागा झाल्या. सभासद १५० असतील तर माणशी आठवड्याला २.४. हा आकडा वाईट नाही. पण शाळा-कॉलेज आणि नोकरी करणाऱ्यांना दुपारी चारनंतरच्या दोनच बॅच चालतात. त्यांच्या जागा भरतात १२०. सगळ्यांनाच संध्याकाळ हवी असेल तर माणशी ०.८, म्हणजे पाच आठवड्यांत चार वेळा. ४२ आठवड्यांत ही सत्रं होतात ३४ च्या आसपास. वर्गणीचे ६० आणि लेनचे साडेआठ मिळून साडेअडुसष्ट भेटींचे पैसे भरून ३४ सत्रं! बाहेरून येणाऱ्याच्या दुप्पट दर सभासदाला पडला, आणि वर तो स्वतःला सवलतीचा ग्राहक समजतो. सगळेच संध्याकाळी येत नाहीत, हे खरं. पण दहापैकी दोन लेनचे टार्गेट बंद पडलेले असतात किंवा संघाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असतात, हेही तितकंच खरं. तेव्हा १२० च्या ९६ जागा उरतात.

म्हणून आपल्या अधिकाऱ्यांनी रेंजची पाहणी करताना ‘एकूण लेन’ मोजू नयेत. चालू लेन मोजाव्यात, त्याही संध्याकाळी सहा वाजता जाऊन.

वर्गणीबाहेरचे खर्च किरकोळ वाटतात, पण सत्रागणिक ते साचत जातात. एअर रायफलचे पॅलेट ४.५ मिलिमीटरचे, एका डबीत ५००. ६० शॉट्स आणि सायटिंगचे पंधरा-वीस धरले तर डबी सहा सत्रं पुरते. काही रेंज पॅलेट काउंटरवरूनच घ्यायची सक्ती करतात. दर्जाचं कारण सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. हलक्या पॅलेटचे स्कर्ट (मागची पातळ कड) वाहतुकीत चेपतात आणि शॉट भरकटतो. पण पॅलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९ असतो, ४.५० असतो, ४.५१ सुद्धा असतो, आणि कुठल्या बॅरलला (नळीला) कुठला जमेल हे रायफल शिकंजात धरून एकाच जागी दहा-दहा शॉट्स मारून ते किती जवळ पडतात ते पाहिल्याशिवाय कळत नाही. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. तिथे शंभरावा हिस्साही बोलतो. एकाच मापाची डबी सर्वांच्या गळ्यात मारणारी रेंज पैसे तर घेतेच, स्कोअरही खाते.

हवेचंही तसंच. एअर रायफलचा शॉट दाबलेल्या हवेवर सुटतो, आणि ती हवा साठवणारा रायफलचा सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरतात. मोठ्या सिलिंडरवरून भरून देणाऱ्या रेंजवर त्या मोठ्या सिलिंडरचाच दाब १६० वर आला असेल, तर आपल्या सिलिंडरला १६० च मिळणार. पैसे मात्र पूर्ण भरल्याचे. घाईने भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि सिलिंडर गार झाल्यावर खाली येतो. कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ओल आत जाते आणि रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बिघडतो, तो खर्च पुन्हा नेमबाजाचाच. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर स्पर्धेत तो वापरता येत नाही. भाड्याच्या रायफलींवर ही तारीख बघायची असते, हे नवख्या पालकांना कोण सांगणार?

भाड्याच्या रायफलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘हत्यार आमच्याकडून मिळेल’ या एका वाक्यावर बरीच सभासदत्वं विकली जातात. रायफल अंगाला बसवावी लागते : बट प्लेटची (खांद्याला टेकणारा भाग) उंची आणि लांबी, चीक पीस (गाल टेकवायचा भाग), डायॉप्टरचे (डोळ्याजवळची बारीक छिद्राची साइट) क्लिक. एकच रायफल दिवसात पाच जण वापरत असतील तर प्रत्येकाने आपली मापं वहीत लिहून दर वेळी पुन्हा लावायला हवीत. त्यात दहा मिनिटं जातात, तीही स्लॉटमधलीच. काही ठिकाणी तर सेटिंगला हात लावायचीच मनाई असते. मग चीक पीस खाली असलेल्या रायफलवर मूल मान वाकवून डोळा डायॉप्टरपर्यंत नेतं. सहा महिन्यांत ती मान सवयीची होते आणि स्वतःची रायफल आल्यावर सगळं नव्याने शिकावं लागतं. डावखुऱ्यांचे हाल तर विचारूच नका. पिस्तुलाची गोष्ट निराळी. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. रेंजचं पिस्तूल ४०० वर सुटत असेल तर सरावात छान वाटतं आणि स्पर्धेच्या तपासणीत बाद होतं. वजन टांगून बघायला अर्धं मिनिट पुरतं. दरपत्रकावर ‘रायफली किती आणि त्या वापरणारे सभासद किती’ हे आलं, तर निम्मे प्रश्न काउंटरवरच सुटतील.

आता, दरावर मर्यादा का नको? रेंज चालवणाऱ्याला कात्री लावायची वेळ आली, की तो आधी न दिसणाऱ्या गोष्टींना लावतो. ध्वनीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये मागची कागदाची पट्टी दर शॉटनंतर पुढे सरकते. रोल वाचवायचा म्हणून हे सरकण्याचं अंतर कमी केलं, की भोकावर भोक पडतं, आवाज नीट उमटत नाही आणि स्क्रीनवरचा शॉट सरकतो. मूल साइट फिरवत बसतं, दोष मात्र टार्गेटचा असतो. (तपासणी सोपी आहे : टार्गेटवर कोरा कागद लावून पाच शॉट मारा आणि भोकं स्क्रीनशी ताडून बघा.) दुसरी कात्री दिव्यांना. १० मीटरच्या बंदिस्त रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेडाचं माप) उजेड हवा, असं आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम सांगतो. जुने दिवे हळूहळू मंदावतात आणि रोज येणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

तिसरी कात्री सर्वांत धोक्याची. पॅलेट शिशाचे असतात आणि टार्गेटमागे त्यांना अडवणाऱ्या पोलादी सापळ्यावर आपटून त्यांची भुकटी होते. काडतुसांच्या रेंजवर प्राइमरमधलंही (काडतुसातली दारू पेटवणारं मिश्रण) शिसं धुरावाटे हवेत येतं. ते साफ करायचं तर ओलं पुसायला हवं, नाहीतर बारीक कण धरणारा फिल्टर लावलेला व्हॅक्यूम हवा. साधा झाडू मारला की तीच धूळ उडून मुलांच्या नाकातोंडात जाते. बंदिस्त फायरिंग रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीमागून टार्गेटकडे, त्याच्या जागी सेकंदाला साधारण ०.४ मीटर वेगाने वाहायला हवी. पंखे आहेत आणि हवा उलटी येते, अशी रेंज स्वस्त असली तरी घेऊ नये. तुम्ही दर दाबलात तर हीच सफाई आणि हेच पंखे आधी बंद होतील. दर रेंजने ठरवावा, पण तो कशाचा आहे ते उघड सांगावं.

२५ आणि ५० मीटरच्या प्रकारांना हेच माप लागू पडतं, फक्त पॅलेटच्या जागी पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) काडतुसं येतात आणि सत्राच्या खर्चात त्यांचाच वाटा मोठा होतो. तिथे लेनच्या सवलतीने फार फरक पडत नाही. ट्रॅप आणि स्कीटला (हवेत उडवलेल्या क्ले नावाच्या तबकड्या शॉटगनने फोडायचे प्रकार) मात्र ६० शॉट्सचं माप चालणार नाही. तिथे २५ क्लेची एक फेरी धरावी, आणि दरात क्ले व काडतुसं धरली आहेत की नाही ते स्पष्ट लिहावं.

ड्राय फायरिंगचा उल्लेख दरपत्रकांत जवळपास कुठेच नसतो. पॅलेट न भरता ट्रिगर आणि होल्डचा (हत्यार स्थिर धरण्याचा) सराव, हा चांगल्या नेमबाजाच्या कामाचा मोठा भाग असतो. त्याला इलेक्ट्रॉनिक टार्गेट लागत नाही, हवाही नगण्य लागते, भिंतीवर ठिपका पुरतो. रेंजने बाजूच्या जागेत अशा सरावाची चार ठिकाणं कमी दरात ठेवली, तर संध्याकाळच्या लेनवरचा भार हलका होईल. पूर्ण लेनचे पैसे घेऊन ड्राय फायर करायला लावणं दोघांच्याही तोट्याचं आहे.

तेव्हा आपल्याकडे मागणी ही. आदेश काढून एक पानाचा नमुना ठरवा. त्यात ६० शॉट्सच्या सत्राचा सर्व खर्चासह दर सभासदासाठी आणि बाहेरच्यासाठी वेगवेगळा असावा. स्लॉट किती मिनिटांचा, चालू लेन किती, सभासद किती, चारनंतरच्या जागा आठवड्याला किती, रायफली किती, वर्षात किती दिवस स्पर्धांसाठी रेंज बंद असते, एवढं त्यावर यावं. प्रवेश शुल्क पहिल्या तीन महिन्यांनंतर घ्यावं. तोवर सुट्या दराने येऊ द्यावं, म्हणजे मुलाला खेळ आवडतो की नाही ते कळेल. परीक्षा किंवा दुखापत असेल तर वर्गणी गोठवता यावी. सरकारी जागेवरच्या रेंजने संध्याकाळच्या प्रत्येक बॅचमध्ये किमान एक लेन बाहेरच्यांसाठी मोकळी ठेवावी.

हे पान काउंटरवर लावावं आणि त्यावर तारीख असावी. सभासदांची संख्या वाढली की चारनंतरच्या जागांचा आकडा बदलतो, म्हणून दर तीन महिन्यांनी ते नव्याने छापावं आणि जुनं पान फाडून न टाकता त्याच्या मागेच टाचून ठेवावं.

आपले,
नियमित सराव करणारे काही नेमबाज आणि प्रशिक्षक