मागचं चाक तुझं आहे, म्हणून विचारतो

प्रिय मित्रा,

शिव्या आधी घालून घे, मग पुढे वाच. तुझ्या पत्राला उत्तर नाही, फोनला उत्तर नाही, आणि मी नवी सायकल घेतली हे तुला लंबूकडून कळलं. पण नुसतं 'घेतली' एवढं कळवून भागणारं नव्हतं. सविस्तर लिहायला बसलो की दरवेळी त्या मागच्या चाकापाशी येऊन अडायचो. आज ते चाकच निकालात काढायचं आहे.

तब्येत ठीक. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आईचं बीपी आटोक्यात. झालं.

तर हार्डटेल घेतली. पुढे शॉकअप, मागे काही नाही, आपण कट्ट्यावर ठरवायचो तशीच. फुल सस्पेन्शन घे म्हणून मागे लागणारे होतेच. पण तेवढ्याच पैशात पुढचं-मागचं दोन्ही घ्यायला गेलं की दोन्ही बेताचं मिळतं. हार्डटेलमध्ये तो पैसा चिमटा (पुढचं चाक धरणारा), ब्रेक आणि चाकांत जातो. शिवाय मागच्या सांध्यांची बेअरिंग बदलत बसायची हौस मला नाही. मागून दणके बसतात, बसू देत. दगड बघून चालवायची सवय राहते.

दादाने दारातच गिअर मोजले. "आधी एकवीस होते, आता बारा? म्हणजे वर गेलास की खाली?" त्याला समजवायला गेलो आणि फसलो. जुनीत पुढे तीन, मागे सात, पण त्यातले निम्मे एकमेकांच्या अंगावर चढलेले. चढाला सगळ्यात हलका म्हणजे पुढे २८ दाते, मागे २८. पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. नवीत पुढे एकच चक्र, ३२ दात्यांचं, आणि मागे १० पासून ५१ पर्यंत. शेवटच्या गिअरला पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम ०.६३ फेरी फिरतं. चाक मोठं आहे, २९ इंची, तरी चढ हलका पडतो तो पडतोच. दादा म्हणाला, "एवढं हळू जायचं तर चालत का नाही जात?" त्याच्यापुढे बोलण्यात अर्थ नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. दाताडीची उतरण उतरलो. वरून खालपर्यंत, पाय न टेकता.

हे इथे कोणाला सांगू? बायको म्हणाली, "छान, कपडे धुवायला टाक." लंबूने अंगठा पाठवला. दाताडी म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. दात तुझा होता.

त्या वाकणावर आपण दोघं कायम सायकल हातात धरून उतरलो आणि खाली पोचलो की भांडलो. मी म्हणायचो सायकल कच्ची, तू म्हणायचास पाय कच्चे. आणि मग तुझी ती मरिन काउंटीची कथा सुरू व्हायची: १९७६ साली कॅलिफोर्नियातली पोरं तीस-चाळीसच्या दशकातल्या जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन डोंगर उतरायची, मागचा पायाने दाबायचा ब्रेक एवढा तापायचा की चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, दर उतरणीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. "त्यांच्याकडे कुठे होते शॉकअप?" हे तुझं पालुपद. ऐक, इतक्या वर्षांनी उत्तर सापडलं. त्याच टोळीतल्या जो ब्रीझने १९७७मध्ये डोंगरासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. भंगारावर एवढं भागत होतं तर तो नळ्या कशाला जोडत बसला? याचं उत्तर दे, मग पायांबद्दल बोल.

फरक कुठे पडतो ते सांगतो, तुला नाहीतर झोप लागणार नाही. सगळ्यात आधी सीट. हँडलवरची कळ दाबली की सीट १५० मिमी खाली बसते, आणि तीव्र उतारावर अंग मागे न्यायला जागा मिळते. जुनीवर तीच सीट पोटात घुसायची. दुसरं, पुढचं चाक आता बरंच पुढे आहे. जुनीचा हँडलाकडचा कोन ७१ अंशांच्या आसपास असावा, हिचा ६६. ऐकायला काहीच नाही, पण तोंडावर जाण्याची ती भीती, तुझ्या दाताची भीती, तिथेच निम्मी होते. आणि चिमटा! आपल्या चिमट्यात नुसती स्प्रिंग होती, तिला आवरणारं काही नव्हतं; दाबली की दुप्पट रागाने परत यायची, अडलेल्या बकरीसारखी हातांना ढुसण्या देत. हिच्यात हवा आहे. आपल्या वजनाप्रमाणे भरायची, उभं राहिलं की १२० मिमी हालचालीपैकी साधारण २५ मिमी दबली पाहिजे, आणि परत किती वेगाने यायचं ते खालच्या स्क्रूने ठरवायचं. ब्रेकला एक बोट पुरतं. टायरमध्ये ट्यूब नाही, आत पातळ चीक असतो, बारीक भोक तोच बुजवतो. म्हणून हवा २२-२४ पीएसआयवर ठेवता येते आणि टायर दगडाला धरून राहतो. आपण ४५ भरून दगडावरून उडायचो, कारण कमी भरली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं ठरलेली.

पाय तेच आहेत. किंबहुना वयाने उतरलेलेच. तेव्हा वादाचा निकाल काय ते तूच लाव.

आता ते चाक. दादाचा पोरगा मोठा झालाय, आवाज फुटलाय, मिशीची रेघ आलीये. त्याला जुनी सायकल हवी आहे. मी नवी घरी आणली त्या संध्याकाळीच त्याने जुनीवर हक्क सांगितला. मीही हो म्हणून टाकलं, त्यात काय एवढं. द्यायच्या आधी म्हणून धुवायला काढली. चिमट्याच्या मागच्या बाजूचा वर्षानुवर्षांचा चिखल खरवडला तर खाली स्टिकर. खडबडीत वाटेवर व उड्यांसाठी वापरू नये. बारीक अक्षरात, पण स्वच्छ. माउंटन बाइक म्हणून विकलेली वस्तू! मी तिथेच बादलीशेजारी हसत बसलो. मग हसू गेलं, कारण पोरगा मागून म्हणाला, "काका, रविवारी दाताडीला नेऊ का?"

मागचा एक्सल तुटला तो दिवस आठव. तू तुझं चाक काढून मला दिलंस आणि स्वतः नोकरीच्या गावी निघून गेलास. आता मला कळलंय तो का तुटला. आपल्या हबला बाहेरून आटे, फ्रीव्हील म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा त्यावर फिरवून बसवलेला, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग पार आत, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल बिनआधाराचा. दणके बसले की तो आधी वाकतो, मग तुटतो. चक्रं नुसती सरकवून बसवतात त्या कॅसेटवाल्या हबात बेअरिंग टोकाशी असतं. तुझं चाकही त्याच जातीचं आहे. फिरवून पाहिलं तर एक्सल किंचित लंगडतोय. आपलं नशीब बलवत्तर होतं एवढंच.

चांगला चिमटा बसवून देऊ म्हटलं, तर बहुतेक नवे चिमटे वर २८.६ मिमी आणि खाली दीड इंच रुंद. आपल्या फ्रेमची नळी सरळ, त्यात शिरतच नाहीत. मागे १४८ मिमीचा हब बसत नाही, फ्रेम १३५ची. हायड्रॉलिक ब्रेक लावीन, पण डिस्कसाठी फ्रेमवर जागाच नाही. एकेक सुटा भाग सायकलीपेक्षा महाग, आणि शेवटी हातात तीच १७ किलोची सायकल. नवी त्याला चालवायला दे म्हणशील, तर ती माझ्या मापाची; सीट खाली केली तरी हँडल लांबच राहतं.

नाही म्हणावं तर कोणत्या तोंडाने? दादा म्हणतो, "तुम्ही चालवलीच ना?" चालवली, आणि काय मजा आली! तो पोरगा आज जिथे उभा आहे तिथे आपल्याला कोणी आवरलं असतं तर आपण ऐकलं नसतं, क्लासच्या नावाखाली गेलोच असतो. तोही जाईल. उलट मी सायकल दिली नाही तर घरात बसून मोबाइल चोळेल, ते पाप वेगळं. शाळेला आणि सपाट वाटेला वापर म्हणावं, तर त्या वयात सपाट वाट कोण धरतं? रात्री एक्सल डोळ्यासमोर येतो.

तर दोन कामं कर. तुझ्या ऑफिसातला तो जुन्या सायकली जमवणारा, त्याला विचार, लहान मापाची वापरलेली हार्डटेल आहे का. रंग गेलेला चालेल. पण फ्रेमची पुढची नळी खाली रुंद हवी, चाकाचे एक्सल आरपार जाणारे हवेत, आणि चिमट्याच्या चकचकीत दांड्यांवर ओरखडा नको. ओरखडा असला की सील गेलंच समज. चेन मोजायला सांग. ताणली असेल तर कॅसेटही बदलावी लागेल, तसा भाव पाड. निम्मे मी, निम्मे दादाकडून काढतो. कसे ते माझ्यावर सोड.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं दुकान चालू लागलं असं ऐकलं, आनंद वाटला, त्यांना सांग. बाळ रात्री झोपू देतं का? कामाचा ताण घेऊ नकोस वगैरे, तू घेणारच.

दुसरं काम सोपं आहे. रविवारी सकाळी फोन कर, दादाचा पोरगा इथेच असतो. मी स्पीकरवर घेईन. तू विचारायचं, माझं चाक कुठे आहे, आणि ते याच आठवड्यात परत हवं म्हणायचं. कारण विचारलं तर सांगायचं नाही. मी दोनदा विनवीन, तरी ऐकायचं नाही. जरा रागाने बोल, ते तुला जमतं.

तुझा,
कच्च्या पायांचा