गाडीच्या काचेवर पाणी मारणारा पंप बदलायच्या आधी जरा आवाज ऐका

संपादक साहेब,

परवा कसारा घाटात ट्रकने उडवलेला चिखल काचेवर आला, मी वायपरचा दांडा ओढला तर पाणीच नाही, वायपरने चिखल काचभर फासला आणि समोरचं काही दिसेना, जाम घाबरलो. गॅरेजवाला म्हणाला पंप गेला, नवीन टाका. पण दांडा ओढल्यावर घुंऽऽ आवाज येत होता ना, म्हणजे मोटर चालू होती! घरी बॉनेट उघडलं तर नळी सांध्यातून निघालेली आणि पाणी उडवणाऱ्या नोझलच्या भोकात बोअरच्या पाण्याचा क्षार, टाचणीने काढला, झालं. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा, मग पंपाच्या प्लगला १२ व्होल्ट येतात का ते. आणि कोरड्या टाकीवर पंप चालवत बसू नका, मोटर जळते.

एक वाचक, नाशिक