इंधन खरेच कार्बन डायऑक्साइडपासून बनले का? विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन किंवा मिथेनॉल ही इंधने बनवू शकणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांवर, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांवर, मी पुण्यात पीएच.डी. करते आहे. घर चंद्रपूरचे. औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघत वाढले, म्हणून हा विषय घेतला.

१९७९ साली जपानमध्ये फुजिशिमा, होंडा आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकांची (सेमीकंडक्टरची) पूड पाण्यात ढवळून, तिच्यावर प्रकाश टाकून फॉर्मिक आम्ल आणि मिथेनॉल मिळवले. तेव्हाच्या दोन अडचणी अजून सुटलेल्या नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के असतात. शिवाय प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपर्यंत पोचण्याआधीच बहुधा आपल्या रिकाम्या जागी परत पडतो. म्हणून कुणी पुडीत नायट्रोजन घालते, कुणी तिच्यावर तांब्याचे सूक्ष्म कण बसवते, तर कुणी दोन अर्धवाहकांची जोडी जमवते.

मीही तेच केले. एके दिवशी क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, मिथेन दिसला आणि आम्ही पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसता आर्गॉन, म्हणजे ज्यात कार्बनच नाही असा वायू, आत सोडून पाहिला, तरी मिथेन आलाच! पूड बनवताना वापरलेल्या सेंद्रिय द्रावकाचा अंश तिच्यात अडकला होता, त्याचाच तो वायू. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खात्री करण्याची रीत साऱ्या जगाला ठाऊक आहे: कार्बन-१३ (नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड, म्हणून वेगळा ओळखता येणारा कार्बन) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरायचा आणि तयार झालेल्या इंधनात तोच कार्बन सापडतो का ते पाहायचे. पण तो वायू महाग आणि हा कार्बन ओळखणारे यंत्र दुसऱ्या शहरात. एका चाचणीसाठी मी पाच महिने थांबले. फेलोशिपची मुदत मात्र थांबत नाही.

आपल्या विभागाने २०२२ मध्ये कार्बन पकडून वापरण्यासाठी मुंबई आयआयटी आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र इथे दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली. देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातून नमुना पाठवता येईल, अशी चाचणीची सोय तिथे करावी, ही माझी विनंती. कार्बन-१३ची तपासणी, सर्वांना एकच प्रमाणित दिवा, आणि मग उघड्या उन्हात शेकडो तास. नापास झालेल्या पुडींचे निकालही प्रसिद्ध व्हावेत. पहिल्या तासाच्या आकड्यावर कुणाला अनुदान मिळू नये, अगदी मलासुद्धा.

आमच्याकडे नव्याने आलेल्या विद्यार्थिनीची पूड तीन महिने कपाटात पडून आहे. हवेतला सेंद्रिय अंश रोज थोडा थोडा तिच्यावर बसतो आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे