सायकलचे ब्रेक घरी बसवताना

संपादक महोदय,

येऊरच्या उतारावरून उपवनकडे भरधाव येणाऱ्या सायकली पाहिल्या की त्यांचे ब्रेक कोणी बसवले असतील, अशी शंका मनात येते. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि उरलेले काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहत, उरकले जाते. नाक्यावरचा सायकलवाला आता सहज सापडत नाही, त्यामुळे लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ब्रेकच्या रबरांबाबत हयगय परवडणारी नाही.

रबर संपूर्णपणे रिमवरच टेकले पाहिजे. ते वर सरकले तर टायरची बाजू घासून फाडते आणि खाली उतरले तर आऱ्यांत अडकू शकते. नट आवळताना रबरही त्याच्याबरोबर फिरते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून ते एका हाताने घट्ट धरूनच पाना फिरवावा. रबराचे पुढचे टोक रिमला मागच्या टोकापेक्षा किंचित आधी, साधारण 1 मिलिमीटरने, टेकावे. त्यासाठी मागच्या टोकाशी रबर आणि रिम यांच्यामध्ये जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी ठेवावी, लिव्हर दाबून नट आवळावा आणि मग पट्टी काढून घ्यावी. ज्या ब्रेकमध्ये रबर धातूच्या खाचेत सरकवून बसवतात, तिथे खाचेची उघडी बाजू मागे हवी. ती पुढे आली, तर जोरात ब्रेक लावताच रबर निसटून बाहेर पडू शकते.

सर्वांत घातक सवय म्हणजे ब्रेक करकरला की त्यावर तेल सोडणे. आवाज थांबतो खरा, पण त्याबरोबर ब्रेकही जातो! रिम स्पिरिटने पुसावी आणि रबरावर आलेली चकाकी पॉलिश पेपरने घासून काढावी. डिस्क ब्रेक असेल, तर साखळीवर स्प्रे मारताना डिस्क कापडाने झाकून घ्यावी, कारण एकदा तेल प्यालेले पॅड बहुधा बदलावेच लागतात.

विक्रेत्यांनी सायकलीच्या खोक्यात मराठी सचित्र पत्रक घालणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा आपल्या दैनिकानेही ही माहिती आकृत्यांसह पावसाळ्यापूर्वीच छापावी, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)